चक्कर हे निदान नव्हे

मराठी ही संपन्न भाषा आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. शरीराच्या एका तक्रारीसाठी तिच्यात किती शब्द आहेत पाहा: चक्कर येणे, घेरी येणे, भोवळ येणे, झीट येणे, गरगरणे, तोल जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. अंधारी येते तेव्हा जग काळे होते. गरगरते तेव्हा जग फिरते. तोल जातो तेव्हा जग जागेवर असते, पण पाय जागेवर नसतात. आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागातील मित्रमैत्रिणींनाही ‘तलेसुत्तु’ आणि ‘कण्णुकत्तले’ यांतला भेद कुणी शिकवावा लागत नाही. परंतु दवाखान्याच्या दारात आपण चपला काढतो तसे हे सारे शब्द बाहेरच काढून ठेवतो आणि आत एकच शब्द घेऊन जातो: चक्कर. आतूनही तेवढ्याच एका शब्दावर गोळी लिहून मिळते.

या लेखात मला एवढेच म्हणावयाचे आहे की, चक्कर ही तक्रार आहे, निदान नव्हे. आणि ज्या आजाराविषयी मी लिहीत आहे, त्याचे निदान कोणतेही यंत्र करीत नाही. ते विचारलेल्या प्रश्नांवर आणि दिलेल्या उत्तरांवर होते. प्रश्न विचारले गेले नाहीत, तर औषधांचा ढीग पडूनही रोगी तेथेच राहतो.

आजाराचे नाव व्हेस्टिब्युलर मायग्रेन. मायग्रेनला मराठीत अर्धशिशी हा जुना शब्द आहे. कन्नडमध्ये ‘अरेतलेनोवु’ म्हणतात, हिंदीत ‘आधासीसी’. तिन्ही भाषांनी अर्धे डोके पकडले आहे. म्हणून या आजाराला मी ‘तोलाची अर्धशिशी’ म्हणते. गवंडी पाणसळ लावून भिंत पाहतो, तशी प्रत्येकाच्या कानाच्या आत एक पाणसळ असते. तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या मिळून डोके कोणत्या दिशेने हलले, याची खबर मेंदूला देतात. तोलाच्या अर्धशिशीत ही पाणसळ फुटलेली नसते, पण मेंदूत तिचा हिशेब चुकतो. मग स्थिर बसलेल्या माणसालाही खोली फिरताना दिसते, मळमळते, उजेड आणि आवाज सोसत नाहीत. गंमत अशी की, चक्कर येते तेव्हा डोके दुखेलच असे नाही. कुणाचे आधी दुखते, कुणाचे नंतर, तर कुणाचे त्या वेळी मुळीच नाही. येथेच घोटाळा होतो. डोके दुखत नाही म्हटल्यावर अर्धशिशीचा विचार कुणाच्या मनातही येत नाही.

हा आजार दुर्मिळ असेल, असे वाचकांना वाटेल. जर्मनीत झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे एक टक्का प्रौढांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा झाल्याचे आढळले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला शेकडेवारी दिसली की गुणाकार केल्याशिवाय राहवत नाही. दोन हजार माणसांच्या वस्तीत, ढोबळ मानाने, अशी वीस माणसे निघतील. त्यांतल्या कितींना आपल्या आजाराचे नाव ठाऊक असेल?

आता थोडे माझ्याविषयी. मी शिकते बेळगावात, पण माझे आजोळ ग्वाल्हेरचे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून ज्या भागाला लष्कर हे नाव पडले, तेथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतलेच एक माझ्या मामांचे. बारावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात मी तेथे गेले होते. ग्वाल्हेरचा उन्हाळा म्हणजे काय, हे तेथे मे महिना काढल्याशिवाय कळत नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. उरवाई दरवाजाकडून किल्ल्यावर चढताना कातळात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती लागतात. सर्वांत उंच मूर्ती पन्नास फुटांहून मोठी आहे. तिचा चेहरा पाहण्यासाठी मान वर केली आणि सगळा डोंगरच माझ्याभोवती फिरू लागला. तो फिरणे थांबायला संध्याकाळ झाली.

ऊन लागले असेल, असे सर्वांना वाटले. परंतु बेळगावात परत आल्यावरही महिन्यातून दोनतीनदा तसेच होऊ लागले. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा ग्वाल्हेरला गेले. माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत १९०५ साली सुरू झालेला तेथील मेळा प्रसिद्ध आहे. त्या मेळ्यातले दिवे, फिरते पाळणे, कर्णे आणि चारी बाजूंनी हलणारी गर्दी यांत मी दहा मिनिटेही उभी राहू शकले नाही. या वेळी ऊन नव्हते, थंडी होती.

दोन वर्षांत माझ्या आजाराला पाच नावे मिळाली. आधी अशक्तपणा, मग पित्त, मग रक्तदाब कमी. चौथ्या वेळी मी मान वर केल्याचा उल्लेख केला, तेवढा धागा पकडून ‘सर्व्हायकल’ ठरले आणि अठराव्या वर्षी माझ्या गळ्यात पट्टा आला. पाचवे नाव सर्वांत सोयीचे होते: परीक्षेचे टेन्शन. ही नावे कोणी कोठे दिली, हे सांगण्यात मला रस नाही, कारण दोष एकट्या कुणाचा नव्हता. प्रत्येक ठिकाणी दोनतीन मिनिटे मिळाली आणि प्रत्येक ठिकाणी ‘चक्कर’ हा एकच शब्द ऐकला गेला. दरम्यान वर्गातील उपस्थिती कमी भरली, सी.ए.च्या पहिल्या परीक्षेचा अर्ज भरूनही बसता आले नाही, आणि घरात कुजबुज सुरू झाली की, हे फिट्‌स तर नव्हेत? ‘बाहेर कुणाला सांगू नकोस, उद्या स्थळे पाहायची आहेत,’ असे आईला सांगणारे शुभचिंतकही भेटले. मुलीचा आजार हा आपल्याकडे आधी लपवण्याचा आणि मग तपासण्याचा विषय असतो.

डोक्याचा एम.आर.आय. झाला. तो निर्दोष आला. सर्वांना आनंद झाला आणि मलाही झाला, कारण मेंदूत गाठ नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याच दिवसापासून ‘हिला काही झालेले नाही’ हे वाक्य पक्के झाले. आमच्या पुस्तपालनाच्या पहिल्याच वर्षात प्राध्यापक शिकवतात की, तेरीज जुळली म्हणजे खाती निर्दोष आहेत असे सिद्ध होत नाही. एखादा व्यवहार कीर्दीत लिहिलाच नाही, किंवा चुकीच्या खात्यावर टाकला, तरी तेरीज जुळतेच. निर्दोष अहवालाचे तसेच आहे. तो काही मोठ्या चुका नाहीत एवढे सांगतो. काहीच चूक नाही असे सांगत नाही. तोलाच्या अर्धशिशीत तर अहवाल बहुधा निर्दोषच येतात. तेथे खरी नोंद असते ती रोग्याच्या तोंडी.

ती नोंद माझ्याकडून अखेर ग्वाल्हेरातच घेतली गेली. मामांच्या ओळखीने गाठलेल्या एका मेंदुविकारतज्ज्ञांनी माझी फाइल बाजूला ठेवली आणि विचारायला सुरुवात केली. खोली फिरते की तू फिरतेस? किती वेळ: सेकंद, तास की दिवस? आतापर्यंत किती वेळा? त्या वेळी उजेड नकोसा होतो का? आवाज? एका कानाने कमी ऐकू येते का? लहानपणी गाडी लागत असे का? घरात कुणाला आधासीसी आहे का? हा शेवटचा प्रश्न ऐकताच माझ्याआधी मामाच बोलले. माझी आजी महिन्यातून दोन दिवस कपाळाला फडके करकचून बांधून अंधाऱ्या खोलीत पडत असे; सुंठीचा लेप आणि भल्या पहाटे दूध-जिलेबी, असे तिचे उपचार चालत. मलाही आंबोली घाटात गाडी लागे, आणि शाळेत असताना महिन्याकाठी डोक्याची एक बाजू ठणके. या गोष्टी कुणी दडवल्या नव्हत्या. त्या कुणी विचारल्या नव्हत्या. अर्ध्या तासाच्या या प्रश्नोत्तरांत दोन वर्षांचे कोडे सुटले.

या प्रश्नांना शास्त्राचा आधार आहे. तोलाच्या विकारांवर संशोधन करणारी बारानी सोसायटी आणि आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटना यांनी २०१२ मध्ये एकत्र येऊन या आजाराचे निकष ठरवले. कमीत कमी पाच झटके हवेत. प्रत्येक झटका पाच मिनिटांपासून बहात्तर तासांपर्यंतचा, आणि रोजच्या कामात अडथळा आणणारा किंवा काम अशक्य करणारा. पूर्वी किंवा आता अर्धशिशी असावी. निदान निम्म्या झटक्यांत अर्धशिशीसारखी डोकेदुखी, उजेड व आवाज दोन्ही न सोसणे, किंवा डोळ्यांपुढे चमकत्या रेषा, यांपैकी एक तरी खूण असावी. आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने हे अधिक चांगले उलगडत नसावे. यांत रक्ततपासणी नाही, क्ष-किरण नाही. हे सारे निकष म्हणजे नीट ऐकलेली हकिकत.

ज्या रॉबर्ट बारानी यांचे नाव त्या सोसायटीला आहे, त्यांची गोष्ट तर मोठी बोधप्रद आहे. व्हिएन्ना येथे ते रोग्यांचे कान पाण्याने धूत असत. काहींना त्या वेळी चक्कर येई. एका रोग्याने तक्रार केली की, पाणी पुरेसे कोमट नसले की मला चक्कर येते. दुसऱ्या कुणी ते कानाआड केले असते. बारानींनी ते ऐकले, मग अधिक गरम पाणी वापरून पाहिले, तर डोळ्यांची थरथर उलट दिशेने झाली. त्यातून आतल्या कानाची तपासणी करण्याची पद्धत निघाली, आणि तिच्यासाठी त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते जाहीर झाले तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाच्या कैदेत होते. एका रोग्याचे एक वाक्य ऐकून घेण्याची किंमत एवढी असू शकते.

चुकीच्या निदानाची परंपराही जुनी आहे. १८६१ पूर्वी चक्करेचे झटके म्हणजे मेंदूत रक्त साठणे, असे युरोपातील वैद्य मानीत. त्या वर्षी पॅरिसच्या प्रॉस्पेर मेनिए यांनी दाखवून दिले की, त्यांचे मूळ आतल्या कानातही असू शकते. १८७३ मध्ये एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज डॉक्टरांनी अर्धशिशीवरील ग्रंथात चक्कर आणि अर्धशिशी यांचा संबंध मांडला. आणि आपल्याकडे पाहावे, तर सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘अर्धावभेदक’ या रोगाच्या लक्षणांत अर्ध्या डोक्यातील वेदनेबरोबर ‘भ्रम’ म्हणजे चक्करही सांगितली आहे. यावरून आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, असा टाहो मला फोडायचा नाही. एवढेच म्हणायचे आहे की, ज्यांनी रोग्याजवळ बसून पाहिले, त्यांना दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या.

केवळ ‘किती वेळ?’ हा एक प्रश्न घेतला, तरी केवढा उलगडा होतो पाहा. अंथरुणात कूस बदलताना किंवा मान वर करताना चक्कर आली आणि मिनिटाच्या आत थांबली, तर कानातील बारीक स्फटिक जागा सोडून नलिकेत गेले असण्याचा संभव असतो. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये सांगितलेल्या तपासणीने ते खाटेवरच कळते, आणि डोके विशिष्ट क्रमाने फिरवून बहुधा बरेही करता येते. त्याला महिनोन्‌महिने गोळ्या लागत नाहीत. झटका काही तासांचा असेल, एका कानात गुणगुण होत असेल आणि ऐकू कमी येऊ लागले असेल, तर मेनिए यांच्या नावाच्या रोगाचा विचार करावा लागतो. एकदाच जोराची चक्कर येऊन ती सतत काही दिवस राहिली, तर तोलाच्या मज्जातंतूला सूज आली असण्याचा संभव असतो. आणि मिनिटांपासून दिवसांपर्यंत बदलत, पुन्हापुन्हा, उजेड-आवाजाच्या त्रासासह येत असेल, तर तोलाची अर्धशिशी. चार आजार, चार उपचार; आणि चिठ्ठीवर शब्द मात्र एकच.

यावर कुणी म्हणेल, बाहेर पन्नास रोगी खोळंबले असताना डॉक्टरांनी प्रत्येकाला अर्धा तास कसा द्यावा? हा आक्षेप रास्त आहे. ग्वाल्हेरचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ पासून चालू आहे. अशा जुन्या सरकारी संस्थांच्या आवारात सकाळी उभे राहिले, म्हणजे लांबलांबच्या खेड्यांतून आलेली माणसे पाहून डॉक्टरांविषयीही कणव वाटते. म्हणूनच माझे म्हणणे आहे की, अर्धे काम रोग्याने घरून करून न्यावे. वहीत कीर्द ठेवावी: तारीख, वेळ, किती वेळ टिकले, काय फिरले, बरोबर काय झाले, आदल्या रात्री झोप किती, जेवण चुकले का, मासिक पाळी जवळ होती का, कोणती गोळी घेतली. महिन्याभराची अशी कीर्द दोन मिनिटांत वाचून होते, आणि तिच्यातून खतावणी मांडणे डॉक्टरांना सोपे जाते.

दुसरा धोका याच्या उलट आहे. हा लेख वाचून प्रत्येक चक्करेला अर्धशिशी म्हणू लागणे, हेही चुकीचेच निदान होईल. चक्करेबरोबर बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हातापायातील शक्ती गेली, एकाची दोन दिसू लागली, उभेच राहता येईना, अचानक ऐकू येईनासे झाले, किंवा आयुष्यात कधी दुखले नाही असे डोके एकाएकी दुखू लागले, तर वही बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे घटकेचाही उशीर नको.

आणि गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या फार दिवस घेतल्या, तर मेंदूचे तोल सावरण्याचे शिक्षणच मंदावते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अशा महिनोन्‌महिने घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. झटके टाळण्यासाठी डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन यांसारखी औषधे देतात. पण दमा असणाऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. एकीला लागू पडलेली गोळी मैत्रिणीने मागून घेऊ नये, ती यासाठी.

मी पूर्ण बरी झाले, असे म्हणणार नाही. ठरलेल्या वेळी झोप, वेळेवर जेवण, भरपूर पाणी आणि नेमून दिलेले औषध, एवढ्यावर झटके दोन महिन्यांतून एकावर आले आहेत. परंतु औषधाआधी मला दिलासा दिला तो नावाने. नाव मिळाले त्या दिवशी गळ्यातला पट्टा गेला, घरातली कुजबुज थांबली, आणि ‘ढोंग’ हा शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही. २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासात तरुण स्त्रियांचे जगणे अडवणाऱ्या आजारांत अर्धशिशीचा क्रमांक पहिला लागला. स्त्रियांत तिचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीतिपटीने आहे. तरीही ‘मुलींचे असतेच काहीतरी’ या वाक्याने तिची बोळवण होते. जे ‘असतेच’, ते तपासायला नको काय?

प्राध्यापकवर्गाला माझी एक विनंती आहे. वर्गात कुणी डोळे मिटून बाकावर डोके टेकले, तर ते प्रत्येक वेळी आळसाने नसते. लुकलुकणारी ट्यूबलाइट बदलणे, परीक्षागृहात खिडकीच्या झगझगाटापासून दूरची जागा देणे, डॉक्टरांचे प्रमाणपत्र पाहून उपस्थितीत थोडी सूट देणे, यांसाठी फार मोठा खर्च येत नाही. आणि विद्यार्थिमित्रांना सांगणे हे की, तुमच्या आजी, आई, बहिणी यांच्यापैकी कुणी ‘चक्कर येते गं’ म्हणत वर्षानुवर्षे तीच गोळी घेत असेल, तर आज घरी गेल्यावर तिच्याजवळ बसा आणि विचारा: काय फिरते? किती वेळ? बरोबर आणखी काय होते? तिची उत्तरे वहीत उतरवून घ्या आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जा. आपल्या भाषेत त्या उत्तरांसाठी शब्द भरपूर आहेत. ते दाराबाहेर काढून ठेवू नका.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)